पान सत्तेचाळीस, पण कोणत्या आवृत्तीतले?

जून महिना. शाळा नुकतीच सुरू झाली आहे. विज्ञानाच्या बाई वर्गात येतात आणि म्हणतात, "पान ४७ उघडा." वर्गातील निम्म्या मुलांकडे कोरी करकरीत पुस्तके आहेत, उरलेल्यांनी मोठ्या भावंडांची किंवा शेजारच्या ताईची जुनी पुस्तके आणली आहेत. यंदा पुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली आहे, ही गोष्ट बाईंच्या ध्यानात राहिलेली नाही. नव्या पुस्तकात पान ४७ वर उष्णतेचे वहन आहे आणि जुन्यात त्याच पानावर वनस्पतींचे पोषण. "बाई, आमच्यात तर झाडाचं चित्र आहे!" असा मागच्या बाकावरून आवाज येतो आणि वर्ग हसतो.

बाई पानाचा आकडा सोडून देतात आणि धड्याचे नाव सांगतात. आता बहुतेकांचे काम भागते. ज्यांच्या जुन्या पुस्तकात तो धडाच नाही, ते हात वर करून तसे सांगतात. तेही एका परीने बरेच, कारण अडचण निदान उघड तरी झाली. खरी पंचाईत संध्याकाळी होते. बाईंनी "स्वाध्यायातील पाचवे उदाहरण सोडवून आणा" असे सांगितलेले असते. धड्याचे नाव दोन्ही पुस्तकांत तेच, उदाहरणाचा क्रमांकही तोच. पण नव्या आवृत्तीत त्यातील आकडे बदललेले असतात. जुन्या पुस्तकाची मुले इमानाने गणित सोडवतात, रीत बरोबर असते, आणि उत्तर मात्र चुकते. वही तपासून परत मिळेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तकांच्या बाबतीत हा गोंधळ दोन दिवसांत मिटतो. संगणकांच्या जगात हाच गोंधळ गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि तो आवरण्यासाठी फार हुशार माणसांनी आपली बुद्धी खर्च केली आहे. तेथे 'पुस्तक' म्हणजे लायब्ररी आणि 'विद्यार्थी' म्हणजे तिचा उपयोग करणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम.

कपाटातल्या फिती

संगणकाच्या संदर्भात लायब्ररी हा शब्द आला तो अगदी शब्दशः. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी 'एडसॅक' या संगणकाने आपली पहिली आज्ञावली चालवली. हे यंत्र मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. वर्गमूळ काढणे, कोनांच्या साइन-कोसाइनच्या किमती काढणे, उत्तर नीट छापणे अशी कामे जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीत लागतात, हे तेथील मंडळींना लवकरच दिसून आले. मग ती प्रत्येकाने नव्याने का लिहायची? डेव्हिड व्हीलर प्रभृतींनी अशा कामांच्या छोट्या उपआज्ञावली तयार करून त्या भोके पाडलेल्या कागदी फितींवर उतरवल्या. फिती कपाटात लावून ठेवल्या. ज्याला वर्गमूळ हवे त्याने ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यायची आणि मूळ फीत जागेवर ठेवायची. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हा या संग्रहात ८७ उपआज्ञावली होत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. प्रत्येक आज्ञावलीने स्वतःपुरती नक्कल करून घेतली होती. उद्या कोणी कपाटातील फीत बदलली तरी काल तयार झालेल्या आज्ञावलीला त्याची झळ लागत नव्हती. आवृत्त्यांचे भांडण त्या व्यवस्थेत फारसे संभवतच नव्हते.

पण नकला करण्यात नासाडी फार. समजा, एका संगणकावर २०० आज्ञावली आहेत आणि प्रत्येकीला २० लाख बाइटची तीच लायब्ररी लागते. प्रत्येकीत नक्कल ठेवली तर ४० कोटी बाइट एकाच मजकुरासाठी अडकले. त्यापेक्षा एकच प्रत एका ठरलेल्या जागी ठेवावी आणि आज्ञावली सुरू होताना तिने त्या प्रतीशी जोडून घ्यावे, हे सोयीचे नाही का? ही कल्पना अमेरिकेतील 'मल्टिक्स' प्रकल्पात १९६० च्या दशकातच होती. सन कंपनीने १९८८ मध्ये 'सनओएस ४.०' मध्ये ती आणली आणि पुढे युनिक्सच्या कुळातील इतर प्रणालींनीही तोच मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये अशा सामायिक फायलींना 'डीएलएल' म्हणतात.

जागेची बचत झाली, स्मृतीची बचत झाली. आणि त्याच क्षणी सगळ्या आज्ञावलींची नशिबे एकमेकींना बांधली गेली. विहीर एकच असली की तिच्यात कोणी काय टाकतो हा साऱ्या गावाचा प्रश्न होतो, त्यातलाच हा प्रकार.

विंडोजवर १९९० च्या दशकात याचा फार त्रास झाला. एखादा खेळ संगणकावर चढवला, की तो आपल्याबरोबर आणलेली सामायिक फाइल सर्वांच्या जागेत ठेवून देई. कधी ती आधीच्या फाइलपेक्षा जुनी असे. खेळ चालू लागे आणि काल व्यवस्थित चालणारी हिशेबाची आज्ञावली बंद पडे! या प्रकाराला संगणकवाल्यांनी 'डीएलएलचा नरक' असे नाव दिले होते. पुढे महत्त्वाच्या फायलींना विंडोज स्वतःच संरक्षण देऊ लागली आणि २००१ च्या 'एक्सपी'पासून एकाच लायब्ररीच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवण्याची सोय झाली.

नावातच आकडा

लिनक्समध्ये (आणि त्याच्या भाईबंदांत) यावर एक साधा उपाय रूढ आहे. लायब्ररीच्या नावातच एक आकडा असतो. सी भाषेची मूलभूत लायब्ररी एकेकाळी 'लिबसी' पाच क्रमांकाची होती. १९९७ साली 'जीलिबसी २' ही नवी लायब्ररी आली, ती जुन्या आज्ञावलींशी जुळणारी नव्हती. मग तिला सहा क्रमांक मिळाला. जुन्या आज्ञावली आपल्या पोटात 'मला पाच हवी' असे लिहून ठेवीत, नव्या 'मला सहा हवी' म्हणत. दोन्ही फायली एकाच संगणकावर गुण्यागोविंदाने राहू शकत. म्हणजे बाईंनी "पान ४७" असे मोघम न सांगता "सुधारित आवृत्तीचे पान ४७" असे सांगण्यासारखेच हे झाले.

आज बऱ्याच लायब्रऱ्या तीन आकड्यांचा संकेत पाळतात. उदाहरणार्थ, आवृत्ती ३.५.२. शेवटचा आकडा वाढला तर केवळ दोष दुरुस्त झाले असे समजावे. मधला वाढला तर नव्या सोयी आल्या, जुन्या तशाच आहेत. पहिला वाढला तर सावध! जुने काही मोडले आहे. पहिला आकडा वाढवणे ही चेष्टा नव्हे. पायथॉन या भाषेची तिसरी आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली आणि ती दुसरीशी पूर्णपणे जुळणारी नव्हती. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल अखेर थांबली ती १ जानेवारी २०२० रोजी. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ दोन्ही सांभाळाव्या लागल्या.

हा संकेत छान आहे, पण त्यात एक गोम आहे. 'जुने काही मोडले' हे ठरवायचे कोणी? आणि 'जुने' म्हणजे नेमके काय? लायब्ररीने लेखी दिलेले वचन, की तिचे प्रत्यक्षातले वागणे? २०१० साली या प्रश्नावरून एक मोठा वाद झाला. तो मला फार बोधप्रद वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. मात्र त्याआधी कागद-पेन्सिल घ्या.

करून पाहा

कागदावर ओळीने आठ चौकटी काढा आणि त्यांना १ ते ८ असे क्रमांक द्या. ३ ते ८ या चौकटींत अनुक्रमे क, ख, ग, घ, च, छ ही अक्षरे लिहा. पेन्सिलीनेच लिहा, कारण खोडायचे आहे. आता ही सहा अक्षरे दोन घरे डावीकडे, म्हणजे १ ते ६ या चौकटींत उतरवायची आहेत. नियम असा, की एका वेळी एकच चौकट पाहायची, त्या क्षणी तिच्यात जे असेल तेच अक्षर नव्या जागी लिहायचे आणि नव्या जागी आधीचे काही असल्यास ते खोडायचे.

प्रथम डावीकडून सुरुवात करा. चौकट ३ मधील क चौकट १ मध्ये, ४ मधील ख चौकट २ मध्ये, ५ मधील ग चौकट ३ मध्ये... असे करत गेलात तर शेवटी १ ते ६ मध्ये क, ख, ग, घ, च, छ अशी अक्षरे मिळतील. छान.

आता सर्व पूर्ववत करून उजवीकडून सुरुवात करा. चौकट ८ मधील छ चौकट ६ मध्ये लिहा. तेथे घ होता, तो गेला! ७ मधील च चौकट ५ मध्ये लिहा. तेथील ग गेला. आता ६ मधील अक्षर ४ मध्ये उतरवायचे. पण ६ मध्ये आता घ कुठे आहे? तेथे छ आहे. तोच ४ मध्ये जाईल. असे शेवटपर्यंत करून पाहा. पहिल्या सहा चौकटींत च, छ, च, छ, च, छ अशी गंमत झालेली दिसेल.

नियम एकच, काम एकच. केवळ सुरुवात कोठून केली यामुळे फरक पडला. तुम्ही अक्षरे तीन घरे उजवीकडे सरकवून पाहिलीत (अर्थात त्यासाठी आणखी चौकटी काढाव्या लागतील) तर उलट प्रकार होईल. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत नसतील, तर मात्र कोठूनही सुरुवात करा, काही बिघडत नाही.

सी भाषेच्या लायब्ररीत अशी नक्कल करण्यासाठी दोन उपआज्ञावली आहेत. 'मेममूव्ह' ही सावध आहे. जागा एकमेकींवर येतात का हे ती आधी पाहते आणि योग्य दिशा धरते. 'मेमकॉपी' ही घाईची. तिच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिले आहे, की जागा एकमेकींवर येत असतील तर मला वापरू नका. वापरलीत तर काय होईल याची हमी नाही.

गाणे खरखरू लागले

आता २०१० कडे वळू. त्या काळी संगणकावर गाणी-चित्रफिती पाहण्यासाठी 'फ्लॅश प्लेअर' नावाची अडोबी कंपनीची आज्ञावली घरोघरी वापरात होती. (२०२० च्या अखेरीस तिला निरोप देण्यात आला.) लिनक्सची 'फेडोरा १४' ही आवृत्ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली आणि ती बसवलेल्या कित्येकांना असे दिसून आले, की फ्लॅशमधून येणारा आवाज विचित्र, खरखरीत झाला आहे. फ्लॅश बदलला नव्हता. ध्वनिक्षेपक ठीक होते. शिवाय सर्वांनाच तसे होत नव्हते. काही प्रोसेसरांवर आवाज बिघडे, काहींवर ठणठणीत असे.

शोध घेता घेता धागा मेमकॉपीपर्यंत पोचला. 'जीलिबसी'च्या नव्या आवृत्तीत काही प्रोसेसरांसाठी मेमकॉपी अधिक वेगवान करण्यात आली होती, आणि त्या वेगासाठी ती काही प्रसंगी उजवीकडून डावीकडे नक्कल करत होती. फ्लॅशमध्ये ध्वनीचे आकडे स्मृतीत थोडेसे सरकवण्यासाठी मेमकॉपी वापरली होती, आणि तेथे जागा एकमेकींवर येत होत्या. इतकी वर्षे मेमकॉपी डावीकडून चाले, म्हणून ही चूक झाकली गेली होती. आता च, छ, च, छ सुरू झाले, आणि ते कानांना ऐकू येऊ लागले!

दोष कोणाचा? एक बाजू म्हणाली, फ्लॅशचा. माहितीपत्रक वाचायला नको का? आमची लायब्ररी वचनाबाहेर एक पाऊलही गेलेली नाही. ही बाजू कागदोपत्री निखालस खरी होती. दुसऱ्या बाजूला खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जो माणूस गाणे ऐकायला बसला आहे त्याला माहितीपत्रकाशी काय करायचे आहे? काल त्याचे यंत्र चालत होते, आज चालत नाही, आणि मधल्या काळात बदलली ती लायब्ररी. त्यांनी स्वतः एक छोटी पर्यायी मेमकॉपी लिहून ती जोडल्यावर आवाज सुधारतो, हेही दाखवून दिले.

माझे मत विचाराल तर मी या दुसऱ्या बाजूचा आहे. फ्लॅशची चूक होती, यात शंका नाही. पण एखाद्या लायब्ररीचा वापर लाखो आज्ञावली करू लागल्या, की तिने लिहून न दिलेल्या सवयींवरही कोणी ना कोणी विसंबलेले असतेच. घंटेच्या आधी दोन मिनिटे फाटक उघडण्याची शिपाईकाकांची सवय नियमात नसते. पण त्यांनी ती एके दिवशी सोडली तर रोज त्या दोन मिनिटांच्या भरवशावर घरून निघणारी निम्मी शाळा बाहेर उभी राहते.

मग करायचे काय? लायब्ररीचा क्रमांक सहावरून सात करायचा? एका उपआज्ञावलीसाठी सगळ्या जगाला हलवणे परवडणारे नव्हते. जुनी मेमकॉपी परत आणायची? मग नव्या आज्ञावलींना वेग मिळणार नाही. यातून मार्ग निघाला तो सुरेख होता. 'जीलिबसी'ला एक विद्या आधीपासून अवगत होती. पूर्ण लायब्ररीला एकच क्रमांक देण्याऐवजी तिच्यातील प्रत्येक उपआज्ञावलीच्या नावाला वेगळी चिठ्ठी लावता येते. २०११ मध्ये आलेल्या २.१४ या आवृत्तीत मेमकॉपी दोन झाल्या. एकीला चिठ्ठी २.२.५ ची, दुसरीला २.१४ ची. पूर्वी तयार झालेल्या आज्ञावलींच्या पोटात 'मेमकॉपी, चिठ्ठी २.२.५' अशी मागणी आधीच लिहिलेली होती. त्यांना सावध वागणारी मेमकॉपी मिळू लागली. त्यानंतर तयार झालेल्या आज्ञावलींच्या पोटात आपोआप 'चिठ्ठी २.१४' असे लिहिले जाऊ लागले, आणि त्यांना वेगवान मिळाली. एकच लायब्ररी, एकच फाइल. पण मागणाऱ्याचे वय पाहून ती उत्तर देते. आमच्या बाईंनी एकाच पुस्तकात जुने आणि नवे अशी दोन्ही पाचवी उदाहरणे छापून घेतली आणि ज्याची वही गेल्या वर्षीची त्याला जुने, ज्याची यंदाची त्याला नवे तपासायला घेतले, असे समजा.

याची किंमत नाही असे नाही. जुनी उपआज्ञावली कायमची सांभाळावी लागते. शिवाय नव्या संगणकावर तयार केलेली आज्ञावली जुन्या संगणकावर नेली, तर ती '२.१४ ची चिठ्ठी येथे नाही' अशी तक्रार करून सुरूच होत नाही. ही तक्रार पाहून कपाळाला हात लावलेले अनेकजण तुम्हाला भेटतील. पण ती पुस्तकाच्या गोष्टीतील 'धडाच नाही' या प्रकारातली आहे. गुपचूप चुकण्यापेक्षा ओरडून थांबणे केव्हाही बरे.

प्रत्येकाची वेगळी चूल?

एवढ्या उठाठेवी करण्यापेक्षा केंब्रिजच्या जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक आज्ञावलीने आपली नक्कल आपल्याजवळ का ठेवू नये? आता जागेचा तुटवडा तितकासा राहिलेला नाही. प्रश्न रास्त आहे, आणि आज अनेकजण तसेच करतात. पण दोन घटना पाहा.

एप्रिल २०१४ मध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीत एक भयंकर दोष उघड झाला. ही लायब्ररी इंटरनेटवरील गुप्त संदेशांचे रक्षण करते. दोष असा होता, की दूरवरचा कोणीही इसम तिला फसवून संगणकाच्या स्मृतीचा ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर काढून घेऊ शकत होता, आणि हे पुनःपुन्हा करू शकत होता. त्या तुकड्यात कोणाचा परवलीचा शब्दही असू शकत होता. 'हार्टब्लीड' या नावाने तो दोष गाजला. बातमी फुटली त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. ज्या संगणकांवर सामायिक प्रत होती, तेथे एक फाइल बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या, की त्या प्रतीवर विसंबलेल्या साऱ्या आज्ञावलींतील भोक बुजत होते. (चोरीला गेलेले परवलीचे शब्द बदलणे हे काम अर्थातच वेगळे.)

दुसरी घटना डिसेंबर २०२१ ची. 'लॉग४जे' ही जावा भाषेतील लायब्ररी आज्ञावलींची रोजनिशी लिहिण्याचे साधे काम करते. तिच्यात असा दोष सापडला, की रोजनिशीत विशिष्ट मजकूर लिहिला जाईल अशी युक्ती केली तर परका माणूस त्या यंत्रावर आपली आज्ञावली चालवू शके. दुरुस्त आवृत्ती येथेही लगोलग आली. परंतु जावाच्या आज्ञावली बहुधा आपापल्या लायब्रऱ्या आपल्याच गाठोड्यात बांधून आणतात. कधी तर गाठोड्यात गाठोडे असते. त्यामुळे 'ही लायब्ररी आमच्याकडे कोठे कोठे आहे?' एवढेच शोधायला मोठमोठ्या संस्थांना कित्येक आठवडे लागले. एक प्रत बदलणे सोपे. पण विखुरलेल्या शेकडो प्रती, त्याही निरनिराळ्या आवृत्तींच्या, हुडकून बदलणे महाकठीण.

तेव्हा वाटून घेण्यात धोका आहे आणि वेगळे राहण्यातही आहे. मधला मार्ग शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ च्या आपल्या प्रबंधात 'निक्स' ही पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक लायब्ररीच्या जागेचे नाव, ती ज्या ज्या घटकांपासून तयार झाली त्या सर्वांवरून गणिताने काढलेल्या एका लांबलचक ठशावरून ठरते. जरा काही बदलले की ठसा बदलतो आणि नवी प्रत वेगळ्या जागी बसते. कोणी कोणाला पुसून टाकत नाही. ज्यांना अगदी तीच आवृत्ती हवी, ते तीच प्रत वाटून घेतात. अर्थात मूळ लायब्ररीत दुरुस्ती झाली, की तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांचे ठसे बदलतात आणि सगळे पुन्हा बांधावे लागते.

आणखी एक कोडे सांगण्यासारखे आहे. तुमच्या आज्ञावलीला दोन लायब्रऱ्या लागतात, अ आणि ब. त्या दोघींनाही तिसरी, क, लागते. पण अ ला क ची पहिली आवृत्ती हवी आणि ब ला दुसरी. आता? कदाचित अ ची थोडी जुनी आवृत्ती घेतली तर जमेल; पण तिला आणखी कशाची तरी वेगळी आवृत्ती हवी असेल! अशा २० लायब्रऱ्या असतील आणि प्रत्येकीच्या तीन आवृत्त्या उपलब्ध असतील, तर एकंदर निवडी किती? तीनचा विसावा घात, म्हणजे ३४८ कोटी ६७ लाख ८४ हजार ४०१. यांतून सर्वांना मानवणारी एक निवड शोधणे, किंवा तशी निवड नाहीच असे खात्रीने सांगणे, हा गणितज्ञ ज्याला 'एनपी-पूर्ण' म्हणतात त्या जातीचा प्रश्न आहे. दर वेळी झटपट उत्तर देईल अशी रीत या जातीतील कोणत्याही प्रश्नाला आजवर सापडलेली नाही. व्यवहारात मात्र चतुराईने बहुतेक वेळा काम निभावते. एकदा जुळणारी निवड सापडली, की तिची यादी फाइलीत लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच वापरतात. वेळापत्रक करणाऱ्या सरांना विचारा. एकदा जमलेले वेळापत्रक ते वर्षभर बदलू देत नाहीत!

आपल्या देवनागरीलाही ही चिठ्ठ्यांची युक्ती उपयोगी पडली आहे. मोबाइलवर 'क्र' किंवा 'त्र' दिसतो तेव्हा अक्षरे जोडण्याचे काम एक लायब्ररी करत असते. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस या सर्वांत 'हार्फबझ' ही एकच लायब्ररी त्यासाठी वापरली जाते. जोडाक्षरे करताना हलन्त चिन्ह आणि व्यंजन यांचा क्रम कसा धरायचा, याचे नियम मध्यंतरी बदलले. जुन्या नियमांवर काढलेले फॉन्ट टाकून देणे शक्य नव्हते. मग नव्या नियमांच्या फॉन्टना 'डी-ई-व्ही-२' अशी खूण ठरली. जुन्यांची 'डी-ई-व्ही-ए' होती. लायब्ररी फॉन्टमध्ये आधी नवी खूण शोधते, न मिळाल्यास जुनी, आणि जी मिळेल तिच्या नियमांनी अक्षरे जोडते.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल तर शिक्षकांच्या परवानगीने एक गंमत करा. आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत 'एलडीडी' ही आज्ञा द्या आणि पुढे एखाद्या आज्ञावलीचा पत्ता लिहा; फायलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'चा चालेल. तिला कोणकोणत्या सामायिक लायब्रऱ्या लागतात, त्यांची नावे पडद्यावर येतील. त्यांत 'लिबसी' असेल आणि तिच्यापुढे आकडा असेल सहा. १९९७ पासून तो बदललेला नाही. आतल्या चिठ्ठ्या मात्र वाढत गेल्या आहेत, आणि ६४ बिटांच्या इंटेल जातीच्या यंत्रांवर त्या गर्दीत २.२.५ ची चिठ्ठी लावलेली, चौकटी एकमेकींवर आल्या तरी न गडबडणारी मेमकॉपी अजून आपल्या जागी आहे.